आमचं रिंक कशाने बंद पडलं

गेल्या गणपतीत आरतीनंतर प्रसाद वाटता वाटता मंडळातला एक मुलगा म्हणाला, "काका, तुमचं स्केटिंग रिंक मोबाइलने खाल्लं ना?" मी नुसती मान हलवली. सणासुदीला कुठे वाद घालत बसा. पण घरी आल्यावर झोप लागेना. आमचं रिंक लादीवर उभं राहिलं आणि लादीपायीच गेलं. ते सांगणारा आता मी एकटाच उरलोय.

जागा परळची, हिंदमाताच्या मागच्या अंगाला. आधी तिथे छापखान्याचं गोदाम होतं. पत्र्याची शेड, ८० फूट बाय ४०, आणि मध्ये एकही खांब नाही. रिंकवाल्याला आणखी काय हवं? एक खांब असला तरी पोरं नेमकी त्यालाच जाऊन धडकतात. माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे खात्यावरचे मुकादम, मी आयटीआय केलेला फिटर. भागीदार म्हणजे जवळच्या शाळेतले पीटीचे मास्तर. मास्तर शिकवणार, मी दुरुस्ती बघणार, गल्ल्यावर माझी बायको. १९८१ च्या दसऱ्याला नारळ फोडला.

स्केट्सचे ६० जोड. काही चोरबाजारातून, काही नागदेवीतल्या एका दुकानदाराकडून. पत्र्याचे, किल्लीने लांबी कमी-जास्त करायचे, चामडी पट्ट्याने बुटावर बांधायचे. चाकं लोखंडी. १ ते ६० नंबर मी स्वतः लाल ऑइल पेंटने टाकले, जोडाच्या डाव्या-उजव्या दोन्हींवर तोच.

लादी मात्र कंत्राटदाराकडून करून घेतली, तिथेच फसलो. आयपीएस, म्हणजे इंडियन पेटंट स्टोन. नाव भारदस्त, वस्तू सिमेंटची. या गृहस्थाने घरात करतात तसे चार बाय चारचे चौकोन पाडले आणि मध्ये काचेच्या पट्ट्या बसवल्या. लोखंडी चाक त्या पट्टीवरून गेलं की टक. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकोणीस वेळा टक. चाळीस पोरं एकदम फिरायला लागली की मागच्या चाळीतल्या बायका खिडकीतून शिव्या घालायच्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं. त्यात पाणी मारलं फक्त तीन दिवस. आळं बांधून निदान आठ-दहा दिवस पाणी उभं ठेवायला हवं. विचारलं तर म्हणे, उद्घाटनाची घाई तुम्हालाच होती. होती! घाई गिऱ्हाइकाला असायचीच, त्याला थोपवणं कंत्राटदाराचं काम. अपुऱ्या पाण्यामुळे वरचा थर पक्का झालाच नाही. भुकटी सुटायची, आणि ती सगळी बेअरिंगमध्ये जाऊन बसायची. त्या स्केट्सना सुटे छर्रे होते. रोज रात्री मी ते ताटात काढून रॉकेलमध्ये धुवायचो.

आमचं पहिलं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे दादर पारसी कॉलनीतले एक डॉक्टर. वय साठीच्या पुढे, अंगात पांढरा सदरा. सकाळी सहाला हजर, स्वतःचे जुने विलायती स्केट्स घेऊन. त्याला लाकडी चाकं होती. पहिल्याच दिवशी ते बावाजी लादीवर सरळ पालथे झोपले, गाल जमिनीला लावला आणि एक डोळा मिटून लांबवर पाहिलं. उठले, सदरा झटकला आणि म्हणाले, "डिकरा, हे लादी नाय. हे ट्रामचा पाटा हाय." मुंबईतली ट्राम १९६४ लाच बंद झाली होती, पण त्यांच्या डोक्यातली चालूच होती. मला राग आला. महिन्याचे पैसे मात्र त्यांनी आगाऊ दिले.

पुढे तीन महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. बाहेरच्यांना खरं वाटत नाही, पण पहिले काही आठवडे आमचं रिंक भरून वाहत होतं. बाप घरी, पोरांना कुठे तरी न्यायचं, आणि शिमग्यापर्यंत मिटेल असं प्रत्येकाला वाटत होतं. आम्ही तर आणखी वीस जोडांचा विचार करत होतो. पाडव्याला रिंक अर्धं झालं. मे महिन्यात घरंच्या घरं कोकणात, घाटावर गावी निघून गेली. त्या महिन्यातल्या एका शनिवारी दिवसभरात अकरा तिकिटं फाडली. त्यातली दोन मास्तरांच्या पुतण्यांची.

भाडं पाच महिने थकलं. मास्तरांच्या पगारातून विजेचं बिल जायचं. माझ्या बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. दोनच होत्या, दोन्ही गेल्या. बाबा घरात बसून असायचे. सकाळी सहाच्या पाळीला जाणारा माणूस सहालाच उठायचा आणि मग भिंतीकडे बघत बसायचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बावाजींनी सहा महिन्यांचे पैसे एकदम समोर ठेवले. मी म्हटलं, डॉक्टर, रिंक टिकेल की नाही माहीत नाही. ते म्हणाले, "हे दान नाय. ते काच काढ." मग मला कळलं, गिऱ्हाईक नाही म्हणजे लादी करायला याहून चांगली वेळ नाही.

पट्ट्या छिन्नीने काढल्या. भेगा सिमेंट आणि संगमरवरी पावडरने भरल्या. या वेळी दहा दिवस पाणी. आता घासायचं कसं? मशीन भाड्याने आणायला पैसे नव्हते. आमच्या चाळीतले आठ-नऊ जण, सगळे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेले, स्वतःहून आले. कार्बोरंडमचे, म्हणजे लादी घासायचे खरखरीत दगड घेऊन ओळीत उकिडवे बसले, जसे पंगतीला बसावेत. आधी ६० नंबर, मग १२०, मग २२०. ३२०० चौरस फूट, हाताने. बाहेर पाऊस आणि आत तो खर्र खर्र आवाज. बावीस दिवस लागले. मोबदला म्हणजे माझ्या आईच्या हातची भाकरी-आमटी, दोन वेळचा चहा आणि त्यांच्या पोरांना कायमचं फुकट स्केटिंग. आज कोणी म्हणेल, उपाशी माणसं राबवलीत. म्हणा. त्यातला एक जण मला म्हणाला होता, हात रिकामे राहिले की घरात भांडण होतं.

तिसऱ्या दिवसापासून बाबाही येऊन उभे राहायला लागले. बोलायचे काही नाहीत. खिशातून एक छर्रा काढायचे, घासलेल्या जागी ठेवायचे आणि वाकून बघत राहायचे. छर्रा हलला की बोटाने जागा दाखवायचे, पुन्हा दगड फिरायचा. छर्रा जागचा हलला नाही की खडूने फुली. बावीस दिवसांत अख्खी लादी फुल्यांनी भरली. धंदा काढल्याबद्दल वर्षभर माझ्याशी धड न बोललेला माणूस. शेवटची फुली मारून छर्रा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता चालव."

संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही, तो नुसता विरत गेला. त्या नऊ जणांपैकी दोघांनाच पुन्हा गिरणीत घेतलं. बाबांना घेतलं नाही.

नव्या लादीवर लोखंडी चाकं फिरवायची माझी छाती होईना. महिन्याला चार जोड याप्रमाणे बुटाचे स्केट्स घेतले, पीयूची म्हणजे पॉलियुरेथेनची चाकं, बंद बेअरिंग. ६०८ नंबर : आतून ८, बाहेरून २२, जाडी ७ मिलिमीटर. चाकाला दोन, जोडाला सोळा, म्हणजे साठ जोडांना ९६०. ही सगळी मी एकट्याने सांभाळली. ज्यांच्या घरी मुलांचे स्केट्स आहेत त्यांनी ऐका. बेअरिंग पाण्याने धुऊ नका. रॉकेल, मग कोरडं फडकं, मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. खोबरेल अजिबात नको, जानेवारीच्या सकाळी ते थिजतं आणि पोरगं म्हणतं स्केट खराब आहे. रिंकमध्ये सगळे डावीकडेच वळतात, जोर उजव्या पायाचा, म्हणून उजव्या स्केटची आतली चाकं आधी झिजतात. ती बाहेरच्यांशी बदलत राहा. आणि गुळगुळीत लादीला चाक कडक लागतं, कडकपणाच्या मापात ९५ च्या आसपासचं. मऊ चाक रस्त्यासाठी. दुकानदार हे सांगणार नाही, त्याला रंग विकायचा असतो.

१९८४ पासून पुढे वीसहून जास्त वर्षं रिंक चाललं. १९८६ च्या दिवाळीत २७ नंबरचा डावा स्केट चोरीला गेला. एका पायाचा स्केट नेऊन कोणी काय केलं असेल, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. १९९३ मध्ये मास्तर एका ओळीत चार चाकं असलेले इनलाइन स्केट्स घेऊन वेगळे झाले. इनलाइनची हवा होती. सोसायट्यांच्या आवारात क्लास घ्यायला लागले आणि आमची निम्मी मुलं घेऊन गेले. मी सहा वर्षं त्यांच्याशी बोललो नाही. बोलायला हवं होतं. बावाजी थकले तेव्हा लाकडी चाकांचे स्केट्स वर्तमानपत्रात गुंडाळून मला देऊन गेले. जाताना तळपायाने लादी चाचपली, बोलले काही नाहीत. त्यांच्या हिशेबात ती शाबासकी होती.

मग गिरण्यांच्या जमिनींचा निकाल २००६ मध्ये सुप्रीम कोर्टातून लागला आणि आमच्या भागात जिथे तिथे टॉवरचे पाये खणायला लागले. आमच्या भिंतीपलीकडच्या प्लॉटवरही पायलिंग, म्हणजे पायासाठी जमिनीत खांब ठोकणं, सुरू झालं. दिवसभर धड्... धड्... गल्ल्यातली नाणी नाचायची. पंधराव्या दिवशी ईशान्य कोपऱ्यातून एक केसाएवढी रेघ निघाली. महिन्याभरात ती मधोमध आली. ओळखीच्या एका इंजिनिअरने सांगितलं, तड्यावर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवा. तडा जिवंत असेल तर काच तुटेल. ज्या लादीतून काच काढायला नऊ माणसं बावीस दिवस खपली, तिच्यावर मी स्वतःच्या हाताने काच बसवली. तीन दिवसांत तुटली.

अकरा पत्रं लिहिली. उत्तर एकाच पत्राला आलं : तडा पूर्वीपासूनचा आहे, लादी जुनी आहे. लादी जुनी होती हे खरं. तडा पूर्वीचा होता हे लिहिणाऱ्याने छर्रा ठेवून बघायला हवा होता. तड्याची एक कड दुसरीपेक्षा दोन मिलिमीटर वर आली. दोन मिलिमीटर म्हणजे बघणाऱ्याला काही नाही, पण वेगात असलेल्या आठ वर्षांच्या मुलीसाठी ती पायरी आहे. एकीचं मनगट मोडलं. तिच्या आईने तक्रारसुद्धा केली नाही, म्हणून मला जास्त लागलं. त्याच रविवारी शटर खाली ओढलं. २००८ चा नोव्हेंबर होता.

एक्केचाळीस जोड एका शाळेला दिले, बाकीचे भंगारात किलोवर गेले. बावाजींचे स्केट्स आणि बाबांचा छर्रा घरी आहेत. २७ नंबरचा उजवाही आहे, लाल पेंट अजून टिकून आहे. डावा ज्याच्याकडे असेल त्याने आणून द्यावा, मी काही विचारणार नाही.