आजार खरा मानणारा थेरपिस्ट शोधताना

संधिवात, ल्युपस, फायब्रोमायाल्जिया. अशा वर्षानुवर्षं दुखत राहणाऱ्या आजारांनी आधीच थकलेल्या माणसाला थेरपीच्या खोलीतही "पॉझिटिव्ह राहा, निम्मं दुखणं जाईल" ऐकावं लागलं, तर तो पुन्हा तिकडे फिरकत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी दहा मिनिटं फोनवर बोलून घ्या. थेट विचारा: "माझा आजार पूर्ण बरा होणारा नाही. हे धरून आपण काय काम करू?" समोरची व्यक्ती तुमचा दिवस कसा जातो, कुठली कामं सुटली, घरचे काय म्हणतात हे विचारू लागली, तर पुढे जायला हरकत नाही. लगेच उपदेश सुरू झाला तर तिथेच थांबा.

दुसरा प्रश्न अपॉइंटमेंट रद्द करण्याचा. पुष्कळ ठिकाणी २४ तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी जाते, आणि सांधे तर सकाळी उठल्यावरच आखडलेले कळतात. त्या दिवशी सेशन फोनवर, पडून किंवा अर्ध्या तासाचं घेता येईल का, हे आधीच ठरवा.

गफलत सर्वात जास्त होते ती प्रश्नावलीत. नैराश्य मोजायला पीएचक्यू-९ वापरतात: नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण. त्यात झोप, थकवा, भूक आणि हालचाल मंदावणं हेही येतं. दुखण्याने झोप मोडते (३), थकवा रोजचाच (३), औषधांनी भूक मेलेली (२), सांधे आखडल्याने चाल मंद (२). झाले १०! मध्यम नैराश्य साधारण इथूनच धरतात, आणि मन उदास आहे का, या प्रश्नाचे गुण अजून धरलेलेच नाहीत. उलटही घडतं: खरं नैराश्य "आजारामुळेच असेल" म्हणून सुटून जातं. प्रत्येक उत्तरापुढे कारण लिहून द्या.

औषधांची पूर्ण यादी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने झोप उडते, मूड बदलतो. पण ते मनाने एकदम बंद करू नका. ट्रामाडॉल हे वेदनाशामक चालू असेल तर नैराश्याच्या बऱ्याच गोळ्यांशी त्याचं जमत नाही. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकासोबत सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी घेतल्यास पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा (त्यांची नोंदणी करणारी सरकारी संस्था) नोंदणी क्रमांक विचारा. त्यात संकोच कसला? विमा असेल तर पॉलिसी नीट वाचा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं लागतं. मात्र ओपीडीच वगळलेली असेल तर सेशनची फी सहसा मिळत नाही.

थेरपिस्ट मिळेपर्यंत रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही.