पायांसाठी विमान

देवपुरातल्या आमच्या गल्लीत मला 'विमानवाले आबा' म्हणतात. मी विमान चालवत नाही, विकत नाही आणि हौसेने बसतही नाही. मी गोल्फची मैदानं आखून देतो. पण असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "आखता म्हणजे फक्कीने का?" खो-खोच्या सामन्याआधी शिपाई ग्राउंडवर फक्की मारतो, तसलंच काहीतरी मी परदेशात जाऊन मारून येतो आणि तेवढ्यासाठी लोक मला तिकीट धाडतात, असा गल्लीचा पक्का समज आहे. मी तो खोडत बसत नाही. फक्की नसली तरी रंगाचा स्प्रे घेऊन मातीवर रेघा ओढणं हा या कामाचा भाग आहेच. फक्त तो स्प्रेचा डबा विमानात नेऊ देत नाहीत, म्हणून कुठल्याही देशात उतरलो की माझं पहिलं तीर्थस्थान हार्डवेअरचं दुकान.

हेवा मात्र सगळ्यांना विमानाचाच. "आबा, आते कथं?" कोपऱ्यावरचा चहावाला विचारतो. मी व्हिएतनाम म्हणालो की तो ग्लास पुसता पुसता थांबतो. त्याच्या डोळ्यांपुढे हवाईसुंदरी असते आणि माझ्या डोळ्यांपुढे ट्रॅव्हल्सचा वरचा बर्थ. कारण धुळ्याच्या माणसाचं विमान धुळ्याहून सुटत नाही. गोंदूरला धावपट्टी आहे, पण ती शिकाऊ वैमानिकांच्या कामाची. जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन २०१२ साली झालं. तिथली विमानं सुरू होतात, बंद होतात, परत सुरू होतात. ज्याला पुढे सिंगापूरचं विमान धरायचंय, त्याने एवढी आशा बाळगू नये. म्हणजे उरली मुंबई. सव्वातीनशे किलोमीटर. बस जेवायला थांबते तेव्हा भूक नसते आणि घाटात डोळा लागतो न लागतो तोच कंडक्टर "ठाणे, ठाणे" करत पडदे ओढतो. पहाटे विमानतळाच्या दारात उभा राहतो तेव्हा माझा अर्धा जीव खर्ची पडलेला असतो आणि कागदोपत्री प्रवास अजून सुरूच व्हायचा असतो.

बॅगेत दोन फुटी डिजिटल पाणसळ असते. तपासणीतला माणूस ती यंत्रातून दोनदा फिरवतो. "ये क्या है?" गवंड्याची पाणसळ, मी म्हणतो. "आप मिस्त्री हो?" हो, म्हणतो. कार्डावर 'गोल्फ कोर्स आर्किटेक्ट' छापलंय, पण पहाटे साडेचारला मिस्त्री हे उत्तर पुरतं आणि रांगही पुढे सरकते.

आता जायलाच कशाला हवं, हा प्रश्न घरीदारी सगळे विचारतात. रास्त आहे. अठरा होलच्या मैदानाला साधारण दीडशे एकर जमीन लागते. भोकाचा व्यास तेवढा सगळीकडे सव्वाचार इंच ठरलेला. बाकीचं सगळं ती जमीन ठरवते. हल्ली ड्रोन उडवला की वीत-दीड वीत उंचीच्या फरकासकट नकाशा हातात येतो. तरी जावंच लागतं. झाडं काढायच्या आधी मधल्या रेषेचे खुंट ठोकायला, मग माती हलली की, मग ग्रीनला आकार देताना, मग बंकर म्हणजे वाळूचे खड्डे, मग निचऱ्याचे पाइप, मग गवत. ग्रीन म्हणजे ते बारीक कापलेलं गवत, जिथे भोक असतं. तिथे भोकाच्या आसपास उतार शंभर फुटांना दोन-तीन फूट, यापुढे गेला की चेंडू थांबायचं नाव घेत नाही. खाली खडीचा चार इंचांचा थर, वर बारा इंच वाळूचं मिश्रण. ही रचना अमेरिकेच्या गोल्फ असोसिएशनने १९६० साली ठरवून दिली, ती आजही जगभर चालते. पण त्या वाळूच्या वरचा दोन टक्के आणि चार टक्के यांतला फरक फोटोत दिसत नाही. तिथे उभं राहिलं की पोटऱ्यांना कळतो.

हे मला कॉलेजात जाण्याआधीच ठाऊक होतं. माझे आजोबा साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी पाटकरी होते. आमच्याकडची फड पद्धत नव्या पिढीला सांगावी लागते म्हणून सांगतो. पांझरा, मोसम, आरम अशा नद्यांवर ठिकठिकाणी बंधारे, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. तीनशे वर्षांहून जुना कारभार, त्यात पंप नाही की मोटार नाही. पाणी आपल्या वजनाने उतरत जातं आणि कुणाच्या वावरात किती वेळ उतरायचं ते पाटकरी बघतो. आजोबा बांधावरून अनवाणी चालायचे. मध्येच थांबून टाच दाबायचे, दोन फावडी माती इकडची तिकडे करायचे, की पाणी मुकाट्याने वळायचं. मी विचारलं, बाबा, कसं कळलं? म्हणाले, "पानी कथं जास हाई पायले समजस, डोयाले नही." गोल्फ मैदानाच्या एका मालकाला मी हे इंग्रजीत समजावून सांगितलं होतं. त्याला ती फी वाढवायची युक्ती वाटली.

फरक एवढाच की आजोबांचा पाट दोन-तीन कोसांचा. दुपारी ते कळण्याची भाकर खायला घरी यायचे. माझे पाय जिथे लागतात, तिथे नुसते पाय पाठवायची सोय नाही. पाय पोचवायचे तर त्यांच्यावरचं धड, त्या धडाची कंबर, त्या कंबरेचा पट्टा आणि तपासणीच्या वेळी तो पट्टा काढताना घसरणारी पँट, हे सगळं सोबत न्यावं लागतं. ज्या कामात दिवसभर चालायचं, त्या कामासाठी आधी दिवसभर गुडघे छातीशी घेऊन बसायचं. विमानात हवेचा दाब असा ठेवतात की माणूस सहा ते आठ हजार फुटांवर आहे असं शरीराला वाटावं. म्हणजे तोरणमाळच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, खिडकी न उघडता, रात्रभर. उतरल्यावर पाय सुजलेले. आणि याच पायांना मग मी उतार विचारायचा!

आमच्या धंद्यातले जुने लोक वाचले की मला त्यांचा हेवा वाटतो, तोही त्यांच्या बोटीचा. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी हा मूळचा डॉक्टर. १९२६ साली तो बोटीने ऑस्ट्रेलियात गेला. इतक्या लांब आलोय म्हणून दोनेक महिने राहिला, मेलबर्नची मैदानं चालून पाहिली, आराखडे केले, तिथल्या दोन जाणत्या माणसांना सगळं समजावलं आणि निघाला. त्याच्या पश्चात त्या दोघांनी ते मैदान उभं केलं. रॉयल मेलबर्नचं ते मैदान आज जगातल्या उत्तम मैदानांत धरतात. चार्ल्स अ‍ॅलिसन १९३०च्या अखेरीस जपानला गेला आणि काही महिने तिथे मुक्काम ठोकला. त्याने खणवलेले खोल बंकर जपानी लोकांना इतके भावले की तसल्या बंकरांना तिथे अजून त्याचंच नाव आहे. डोनाल्ड रॉसने चारशेच्या आसपास मैदानं केली आणि त्यांतली कितीतरी त्याने जन्मात पाहिली नाहीत. नकाशावर आखायची, टिपणं लिहायची, टपालात टाकायची. आणि मॅकेन्झीचंच पाहा, अमेरिकेतलं ऑगस्टाचं मैदान, ज्याचं नाव गोल्फ न खेळणाऱ्यांनीही ऐकलेलं असतं, ते त्याने पुरं झालेलं पाहिलंच नाही. १९३४च्या जानेवारीत तो गेला, मार्चमध्ये तिथे पहिली स्पर्धा झाली.

मग विमान आलं आणि जाणं सोपं झालं. आमची पंचाईत तिथेच सुरू झाली. जाणं अवघड होतं तेव्हा गेलेल्या माणसाला राहू देत होते. आता मालक म्हणतो, "दोन दिवसांत येऊन जा ना." बोटीच्या माणसाला असं कोण म्हणणार होतं? मुक्काम गेला आणि खेपा उरल्या. तीस तास जायला, सहा तास जमिनीवर, त्यातले दोन पावसात, एक मालकाच्या जेवणात, मग परत तीस तास. अर्नोल्ड पामरने १९७६ साली लहान जेट घेऊन साडेसत्तावन्न तासांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. माणूस गोल्फचा मोठा खेळाडू, पट्टीचा वैमानिक आणि पुढे शेकडो मैदानांचा कर्ता. त्याचा तो विक्रम होता. मला जवळपास तेवढेच तास व्हिएतनाममधल्या दानांगला जाऊन यायला लागतात आणि वर बसवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून बोलणं होतं ते वेगळं.

काही शहाणे अजून आहेत, जे एका वेळी दोनच कामं घेतात आणि जागेवर तंबू ठोकून राहतात. आमच्यात त्यांना फार मान आहे. मलाही आहे. पण मला घराचे हप्तेही आहेत.

विमानात बसण्यापेक्षा विमानाची तयारी हा वेगळा अध्याय. ऑस्ट्रेलियात उतरताना कार्ड भरून द्यावं लागतं: माती आणली आहे का, गेल्या तीस दिवसांत शेतात गेला होतात का. खान्देशातला माणूस या प्रश्नाला 'नाही' कसं म्हणणार? माझे साइटचे बूट तर वर्षभर मातीतच असतात आणि सुट्टीत तेच घालून मी गावी वावरात जातो. आमची काळी माती सुकली की दगड आणि भिजली की डिंक. तळव्याच्या खाचांत जी बसते ती नुसत्या पाण्याला दाद देत नाही. म्हणून निघायच्या आदल्या रात्री मी मोरीत बसतो. जुना दातांचा ब्रश, एक खिळा, कपड्याचा साबण. आधी खिळ्याने एकेक खाच कोरायची, मग ब्रश, मग बादलीभर पाणी. पाणी काळं जातं, परत काळं जातं, तिसऱ्यांदा राखाडी होतं. आई पलंगावरून बघत असते. "इमानमा बठाले बूट बी घासना पडतस का रे?" मी म्हणतो, तिकडे आपली माती चालत नाही. ती म्हणते, "मग पैसा कशा चालतस?" याला उत्तर नाही. इतकं घासूनही गेल्या खेपेला तिथल्या अधिकाऱ्याने बूट उलटे केले, टाचेजवळच्या एका खाचेतून कापसाच्या काडीएवढं काहीतरी काढलं, बूट आत नेले आणि धुऊन, पुसून, हसत परत दिले. आयुष्यात माझे बूट दुसऱ्या कुणी धुतले असतील तर ते ऑस्ट्रेलिया सरकारने.

आईच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणीही त्या दारातून आत जायची कटकट, म्हणून ती शिदोरी मी सिंगापूरलाच संपवतो. झगझगीत घड्याळांच्या दुकानासमोर बाकावर बसून, स्टीलचा डबा मांडीवर. एकदा शेजारच्या बाईंनी वास घेऊन विचारलं होतं, हे कुठे मिळतं? मी दिशा दाखवली, ट्रॅव्हल्सचं काही सांगितलं नाही.

परत आल्यावर चार-पाच दिवस मी घरात असून नसतो. रात्री दोनला भूक लागते, दुपारी भरीत पानात असताना मान खाली जाते. जाताना, म्हणजे पूर्वेकडे, तर शरीर याहून जास्त कुरकुरतं, हे डॉक्टरही सांगतात, कारण त्याला वेळेआधी झोपायला लावणं जड जातं. अखाजीला बहिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि भाऊ आतल्या खोलीत गोधडी ओढून घोरतो. त्यांनी आता माझ्या नावाने एक ओवीच जोडली आहे, ती इथे लिहिण्यासारखी नाही.

पाण्याचा विषय निघाला की मात्र मी गावात गप्प बसतो. गवताला रात्रभर किती पाणी फवारतात, हे कापसासाठी आभाळाकडे बघणाऱ्या माणसाला सांगवत नाही. कमी पाण्याचं गवत, कमी क्षेत्रावर फवारे, सांडपाणी शुद्ध करून वापरणं, यासाठी मी प्रत्येक मालकाशी भांडतो. तरीही तो आकडा पारावर बसून उच्चारायचा नसतो.

मध्यंतरी मी एक शक्कल काढली. दानांगच्या मैदानावरचा शेपर, म्हणजे बुलडोझरने मातीला आकार देणारा कारागीर, फार हुशार गडी आहे. एका ग्रीनच्या डाव्या बाजूला पाणी साचेल असं मला नकाशावरून वाटत होतं, त्याला वाटत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर तो मोबाइल इकडून तिकडे फिरवत होता आणि मला सगळं सपाट तव्यासारखं दिसत होतं. शेवटी म्हटलं, बाबा रे, मोबाइल खुंटाला बांध, बादली आण आणि वरच्या कोपऱ्यात पाणी ओत. वाळू पसरायच्या आधीची, दाबलेली माती होती, त्यामुळे पाणी मुरलं नाही. आधी रेंगाळलं, मग एक बारीक धार निघाली, उजवीकडे जाते जाते म्हणेपर्यंत डावीकडे वळली आणि बरोब्बर तिथे जाऊन बसली. शेपर तिकडे हसला, मी इकडे मोरीच्या उंबऱ्यावर बसून हसलो. त्याने फावडं घेतलं, मी बोट दाखवत गेलो, तिसऱ्या बादलीला पाणी निघून गेलं. सबंध खेप वाचली!

मालकालाही हे कळलं. त्याने ते चित्रण चार जणांना दाखवलं म्हणे. रात्री त्याचा निरोप आला: फार आवडलं, उरलेल्या सतरा ग्रीनवरही असंच पाणी ओतून बघू, पण हे तुम्ही स्वतः उभं राहून केलेलं बरं. सोबत तिकीट होतं. मधे क्वालालंपूरला साडेसात तास, आणि मुंबईहून सुटायची वेळ अशी की धुळ्याची रात्रीची बस धरून पोचता येत नाही. आदल्या दिवशी दुपारचीच धरावी लागणार.