तिकिटावरचा सव्वा तास आणि आकाशातली पाऊण तासाची वाट

मुंबई–गोवा तिकिटावर साधारण सव्वा तास लिहिलेला असतो. त्यातलं प्रत्यक्ष उड्डाण पाऊण तासाच्या आसपासच भरतं. तिकिटावरची वेळ मोजतात ती विमान गेटवरून मागे ढकलल्यापासून ते उतरून चाकांना ठोकळे लागेपर्यंतची. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी जवळपास एकीवरच काम चालतं. रांगेतली वीस मिनिटं विमान कंपनी आधीच वेळापत्रकात धरते. म्हणूनच उशिरा सुटलेलं विमान पुष्कळदा वेळेवर पोचतं. वैमानिकाने काही वेग वाढवलेला नसतो.

अंतर घरी काढता येतं. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. गोव्यातला दाबोळी विमानतळ १५.३८, ७३.८३. अक्षांशांचा फरक ३.७१, गुणिले १११, म्हणजे ४१२ किमी. रेखांशांचा फरक ०.९६, पण या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश १०६ किमीच भरतो, म्हणजे १०२. दोन्हींचे वर्ग करून बेरीज घ्या आणि वर्गमूळ काढा: ४२४ किमी. गोव्यातल्याच दुसऱ्या विमानतळासाठी, मोपासाठी (१५.७४, ७३.८७) हेच केलं की ३८७ येतात. वेळेसाठी माझा ठोकताळा असा: किलोमीटरना १३ ने भागायचं आणि ४० मिनिटं मिळवायची. दिल्ली–दाबोळी सुमारे १५०० किमी, म्हणजे २ तास ३५ मिनिटं. हे जेटसाठी, एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) असेल तर १३ च्या जागी ८ घ्या.

दिल्ली-मुंबईच्या फेऱ्यांना वाऱ्याचा फारसा फरक पडत नाही, कारण वाट उत्तर-दक्षिण. कोलकात्याचं तसं नाही. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचा जोरदार वारा असतो; जाताना तो पाठीशी, परतताना तोंडावर. पावसाळ्यात खोळंबा उतरताना होतो. ढग खाली आले की विमान घिरट्या घालतं, एका घिरटीला चारेक मिनिटं जातात. मोपा तर पठारावरच, तिथे ढग धावपट्टीला टेकतात. दृश्यमानता सुधारली नाही आणि इंधनाचा हिशेब संपत आला, तर विमान दुसऱ्या शहरात वळवतात.

आता मोपा की दाबोळी? हवेतला फरक ३७ किमी, म्हणजे तीन मिनिटं. जमिनीवर मात्र एका विमानतळावरून दुसऱ्यावर जायला पणजी-म्हापशाची गर्दी धरून दीड-दोन तास ठेवावे लागतात. काणकोण, केपे, मडगाव, वास्को, फोंडा यांनी दाबोळीच पाहावं. पेडणे, बार्देश, डिचोली आणि पलीकडचे बांदा-सावंतवाडीवाले यांना मोपा. पणजीकरांनी भाडं स्वस्त असेल तिकडे जावं. दाबोळी नौदलाचा तळ असल्यामुळे कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नागरी विमानांना मिळत नाहीत. सकाळी दहा-अकराचं विमान हवं असेल तर बहुधा मोपाच निघतं.

तिकीट काढताना शहराच्या नावावर जाऊ नका, कोड वाचा: जीओआय दाबोळी, जीओएक्स मोपा. जाताना एक आणि येताना दुसरा असंही तिकीट निघतं, स्वस्त म्हणून वेबसाइट तेच वर दाखवते. मग दाबोळीला उभी केलेली गाडी तिथेच राहते आणि तुम्ही मोप्याला उतरता. टॅक्सीवाल्यालाही नुसतं ‘एअरपोर्ट’ सांगू नका. सामानाचा काउंटर तासभर आधी बंद होतो, चुकीच्या दारात पोचल्यावर दुसरीकडे वेळेत जाणं शक्य नसतं.