क्रँक, १९ आठवडे आणि सिंडी

ट्रॅक्टर घेतला मार्चमध्ये आणि त्याने नांगराचं पहिलं तास काढलं पुढच्या वर्षीच्या एप्रिलात. मधल्या तेरा महिन्यांतले जवळजवळ साडेचार महिने त्याची क्रँक (इंजिनातला, पिस्टन ज्याला फिरवतो तो मुख्य दांडा) एका वर्कशॉपमध्ये पडून होती. हा अनुभव मुख्यतः त्या साडेचार महिन्यांचा आहे. रंगकामाबद्दल वाचायला आला असाल तर एवढंच सांगतो: पिवळा आणि पांढरा, दोन शनिवार-रविवार लागले, आणि बॉनेटवर एक ओघळ आहे तो मुद्दाम राहू दिलाय असं मी पाहुण्यांना सांगतो.

मी मूळचा कोल्हापूरचा, गेली काही वर्षं ओहायोत, क्लीव्हलंडच्या दक्षिणेला राहतो. माझे वडील, आण्णा, तिथल्या उद्यमनगरात टर्नर होते, त्यामुळे ऑइल आणि कुलंटचा वास हा माझ्यासाठी घरचाच वास. इथे एका शेतकऱ्याच्या गोठ्यात, गवताच्या गठ्ठ्यांमागे, कब कॅडेट १२२ हा जुना गार्डन ट्रॅक्टर दिसला. २५० डॉलर सांगितले, मी घासाघीससुद्धा केली नाही. (करायला हवी होती. इंजिन जाम आहे हे त्यालाही माहीत होतं.)

गार्डन ट्रॅक्टर म्हणजे गवत कापायचं चारचाकी खेळणं असं आपल्याकडे वाटतं. हा तसला नव्हे. इंटरनॅशनल हार्वेस्टरने हे मॉडेल १९६५ ते १९६७ या काळात केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये बनवलं. कोहलरचं के-३०१ इंजिन, एकच सिलिंडर, १२ हॉर्सपॉवर, साधारण ४७६ सीसी. इंजिनाची ताकद मागे पट्ट्याने जात नाही, सरळ शाफ्टने बिडाच्या गिअरबॉक्समध्ये जाते. मागे दहा इंची नांगर लावला की खरोखर नांगरतो. इथे वसंतात आणि पानगळीत हौशी लोक असे जुने ट्रॅक्टर घेऊन एखाद्या शेतात जमतात आणि दिवसभर नांगरतात, त्याला ‘प्लाव डे’ म्हणतात. मला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातल्या प्लाव डेला जायचं होतं. हे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी चिडचिड त्यावरच आहे.

जाम पिस्टन सुटला बाराव्या दिवशी. अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल निम्मं-निम्मं, स्पार्क प्लगच्या भोकातून आत. रोज संध्याकाळी थोडं घालायचं आणि फ्लायव्हील हाताने जरासं हलवून बघायचं. हातोडा हाती घ्यायचा नाही. अॅसिटोन भडकतं, तेव्हा गॅरेजचं दार उघडं ठेवा.

इंजिन उघडताना एका ठिकाणी मी दीड दिवस घालवला, तो तुमचा वाचवतो. पुढची पीटीओची (म्हणजे अवजारांना ताकद देणारी) पुली क्रँकवर सेटस्क्रूने धरलेली असते. स्क्रू काढले तरी पुली हलेना. ओढून ओढून पुलर वाकला. मग कळलं की प्रत्येक भोकात एकावर एक असे दोन सेटस्क्रू असतात. वरचा काढला की आत टॉर्च मारून बघा, खाली दुसरा बसलेला असतो.

पिस्टन बाहेर आला. सिलिंडरला किरकोळ गंज होता, होन मारल्यावर (आतून घासल्यावर) साफ झाला, नव्या रिंगांवर भागलं. खरी गोम क्रँकपिनला होती, म्हणजे क्रँकवरच्या ज्या भागावर रॉड बसतो त्याला. या इंजिनात पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड अॅल्युमिनियमचा असतो आणि तो थेट पिनवर फिरतो, मध्ये बेअरिंगच्या वाट्या नसतात. नवी पिन १.५०० इंच. माझी एका बाजूने १.४९८ आणि काटकोनात १.४९५, म्हणजे तीन थाऊ लंबगोल. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कंपनीला चालतो अर्धा थाऊ. उपाय ठरलेला आहे: पिन दहा थाऊ अंडरसाईज (मूळ मापापेक्षा बारीक) ग्राइंड करून घ्यायची आणि दहा थाऊ कमी भोकाचा रॉड लावायचा. तसा रॉड बाजारात मिळतो, चार दिवसांत घरी आला.

एक सूचना इथेच, नाहीतर विसरेन. रॉड हातात आल्याशिवाय क्रँक ग्राइंडला देऊ नका. आणि दिल्यावर ‘दहा अंडर’ एवढंच तोंडी सांगू नका, १.४९० हा आकडा कागदावर लिहून क्रँकला बांधा.

मी बांधला. आकडा बांधला, नाव बांधलं नाही.

वर्कशॉप घरापासून तासाभरावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात क्रँक घेऊन गेलो. काउंटरवर एक आजोबा, समोर कार्बन लावलेलं पावतीबुक. नाव विचारलं, मी म्हणालो, “शिंदे.” त्यांनी मान हलवून लिहिलं. फोन नंबर सांगितला, तोही लिहिला. “तीन आठवडे,” म्हणाले. पावतीचा अर्धा तुकडा मला दिला, तो मी जीन्सच्या मागच्या खिशात ठेवला. त्याच शनिवारी ती जीन्स वॉशिंग मशीनमध्ये गेली. लगद्याच्या गोळीवर नंबर वाचता येत नाही, मी भिंग लावून बघितलंय.

तिसऱ्या आठवड्यात फोन केला. क्रँक ग्राइंडर चालवणारा माणूस एकच, तो मंगळवारी आणि गुरुवारीच येतो, असं समजलं. ठीक. पाचव्या आठवड्यात त्याचा गुडघा दुखत होता. सहाव्यात म्हणाले, “बघतो,” आणि फोन बाजूला ठेवला. मला मागे लेथचा आवाज आणि रेडिओवरची बेसबॉलची मॅच ऐकू येत राहिली. दहा मिनिटांनी कुणीतरी फोन उचलून जागेवर आपटला. आठव्या आठवड्यात स्पष्ट उत्तर मिळालं: “शिंदे नावाने तयार मालात काही नाही. म्हणजे अजून रांगेत असेल.” जुलैत दोन आठवडे दुकान बंद. ऑगस्टात, “शिंदे? नाही. रांगेत असेल.” मी दर सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करायचो. बायको विचारायची, आज कुणाचा गुडघा?

रोज रात्री कोल्हापूरशी व्हिडिओ कॉल. कॅमेरा लावला की आण्णांचा पहिला प्रश्न, “आली का?”

“नाही आण्णा.”

“काय मर्दा! एक पिन हाय ती. आमच्यात सकाळी क्रँक टाकायची, मिसळ खाऊन यायचं, दुपारी गरम गरम घरी न्यायची.”

उद्यमनगरात सगळं दुपारपर्यंत होत नाही हे मलाही माहीत आहे. दहावीच्या सुट्टीत मी तिथेच पोरगा म्हणून काम केलंय, गिऱ्हाइकाला ‘आत्ता भट्टीत हाय’ असं सांगायला मलाच पाठवायचे. पण तिथे गिऱ्हाईक दुकानात येऊन स्टुलावर बसतं आणि काम झाल्याशिवाय उठत नाही. ही पद्धत ओहायोत का नाही, असं मला ऑगस्टभर वाटत होतं.

खरं तर तेच केलं. सप्टेंबरच्या शेवटी, एकोणिसाव्या आठवड्यात, एक दिवस रजा टाकली आणि सकाळी आठला दुकानाच्या दारात उभा राहिलो. आजोबांना म्हणालो, क्रँक ग्राइंड झालेली असो वा नसो, परत द्या, मी दुसरीकडे नेतो. त्यांनी ‘एस’ची फळी बघितली. नाही. रांगेतला ढीग बघितला. नाही. मग मला आत येऊ दिलं. (हा नियमभंग होता, भिंतीवर मोठी पाटी होती.) कॅटरपिलरच्या, फोर्डच्या क्रँका माणसाच्या मांडीएवढ्या, आणि एका फळीच्या टोकाला, ऑइल लावलेल्या ब्राऊन कागदात गुंडाळलेली, माझी. काउंटरवेटवर मी पांढऱ्या रंगाने केलेली खूण दिसली म्हणून ओळखली. फळी ‘सी’ची होती. टॅगवर माझाच फोन नंबर, माझाच १.४९०, आणि वर सुवाच्य अक्षरात नाव: सिंडी.

शिंदे. सिंडी. आजोबांनी तीन वेळा टॅगकडे आणि एकदा माझ्या मिशांकडे बघितलं.

टॅगवर तारीख होती जूनच्या शेवटच्या आठवड्यातली. काम सातव्या आठवड्यातच झालं होतं. बारा आठवडे ती पुडी फळीवर बसून होती आणि मी दर सोमवारी शिंदेची चौकशी करत होतो.

“आम्ही फोन केला होता,” ते म्हणाले. “निरोप ठेवला होता.”

तेव्हा मला आठवलं. जुलैच्या सुरुवातीला मोबाईलवर एक निरोप आला होता: हॅलो सिंडी, तुमचं काम झालंय, घेऊन जा. मागे खूप खडखडाट. मी म्हटलं राँग नंबर, आणि पुसून टाकला. आमच्याकडे दिवसाला असे चार फोन येतात, कुणी गाडीचा विमा विकतं, कुणी सोलर. पण खडखडाट लेथचा होता हे टर्नरच्या पोराला कळायला हवं होतं. माझा राग तिथे निम्मा झाला. उरलेला निम्मा बिलावर ‘साठवणूक शुल्क ३० डॉलर’ वाचल्यावर परत आला. पाऊण तास वाद घातला. शेवटी आजोबांनी ती ओळ खोडली, पण सिंडी मात्र खोडलं नाही.

काम मात्र नंबर एक केलं होतं, हे कबूल करतो. पिन चारही बाजूंनी १.४९०, कडेची गोलाई शाबूत, आरशासारखं पॉलिश. नवा रॉड लावून पिन आणि रॉडमधली फट प्लॅस्टिगेजने (दाबून चपट्या होणाऱ्या मऊ धाग्याने) मोजली, दीड थाऊ. एक ते दोनच्या मधे हवं असतं.

तुमच्यापैकी कुणाचं आडनाव इंग्रजी कानाला भलतंच ऐकू येत असेल तर तोंडी सांगूच नका. कागदावर छापील अक्षरांत लिहून द्या, टॅग लिहिताना समोर उभे राहा, आणि पावतीचा तिथेच फोटो काढा. फोनवर नाव नका विचारू, “कोहलर, एक सिलिंडर, दहा अंडर” असं मालाचं वर्णन सांगा. अशी क्रँक तिथे महिन्यात एखादीच येत असेल. मी पहिल्याच सोमवारी हे केलं असतं तर ऑक्टोबर हुकला नसता. तो हुकलाच. प्लाव डेला मी गेलो, पण हात खिशात घालून बांधावर उभा राहायला.

जोडणी हिवाळ्यात, सावकाश. आठवेल तशा चार गोष्टी. रॉडच्या आणि कॅपच्या खुणा जुळल्या पाहिजेत आणि त्या फ्लायव्हीलकडे तोंड करून हव्यात. व्हॉल्व्हचं अंतर इनटेकला ८ ते १० थाऊ, एक्झॉस्टला १७ ते २०. इग्निशनचे पॉइंट (उघडले की ठिणगी पडते ते) २० थाऊवर ठेवा, पण खरं टायमिंग फ्लायव्हीलवरच्या ‘एस’ खुणेवर: खूण समोर आली की पॉइंट नेमके उघडायला लागले पाहिजेत. ब्लॉकमध्ये बॅलन्स गिअर (थरथर कमी करणारे) असतील तर परत बसवायच्या आधी विचार करा. त्यांचं बेअरिंग गेलं की गिअर ब्लॉक फोडून बाहेर येतो, म्हणून बरेच जण ते काढूनच ठेवतात. छोट्या भागांचा गंज मी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून काढला. त्यात दुसऱ्या टोकाला साधं लोखंड लावा, स्टेनलेस कधीच नाही, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं.

माझ्याकडून एकच बदल: पुढचे दिवे एलईडी केले. बाकी सगळं जुनंच. स्टार्टर आणि जनरेटर या ट्रॅक्टरात एकाच डब्यात असतात. सगळं जोडून इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं, पण बॅटरी चार्ज होईना, त्यात दोन संध्याकाळी गेल्या. डेल्को-रेमीचा तो जनरेटर खोलून परत लावल्यावर त्याला ध्रुव शिकवावे लागतात. इंजिन बंद ठेवून रेग्युलेटरवरचे ‘बॅट’ (बॅटरी) आणि ‘जेन’ (जनरेटर) हे दोन स्क्रू वायरने क्षणभर जोडायचे, एक ठिणगी पडते, बस्स.

एप्रिलात प्लाव डे. सिंडीचा टॅग मी स्टिअरिंगला लटकवला होता. आण्णांना व्हिडिओ कॉलवर ठेवून मोबाईल बायकोच्या हातात दिला. पहिलं तास सरळ गेलं, काळी माती वळली, मी मागे बघून हात केला. दुसऱ्या तासाला नांगर वेडावाकडा चालायला लागला. बायको मोबाईल घेऊन पळत आली. आत आण्णा ओरडत होते, “अरं सिंडीताई, उजवं चाक तासात उतरलंय न्हवं! ट्रॅक्टर कलला म्हंजे नांगरबी कलला. उतर खाली, नांगर सरळ कर आधी.”

उतरलो, पाना काढला.