क्युरियूझ बेट, सेशेल्स: बोट बांधून ठेवली तो दिवस

एप्रिलमध्ये सेशेल्सला आठवडाभर शिडाच्या कॅटमरानवर (जोड सांगाड्याची बोट) होतो, आम्ही चौघं आणि एक स्किपर म्हणजे बोट चालवणारा कप्तान (आमच्यात कुणाकडेच लायसन नाही, त्यामुळे स्किपर घ्यावाच लागला, पण वसूल झाला). माहे या मुख्य बेटावरून प्रालँ बेटाला येईपर्यंत आमच्यातला एक जण बोट लागून पार आडवा झाला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी शीड वर करायचंच नाही असं ठरलं आणि प्रालँच्या समोरच असलेल्या क्युरियूझवर अख्खा दिवस काढला. पूर्ण ट्रिपमधला हाच दिवस एक नंबर.

आधी कामाचं. प्रालँहून डे ट्रिपवाल्या बोटी साडेनऊ-दहापासून यायला लागतात आणि तीननंतर पांगतात. आपली बोट रात्रीच क्युरियूझच्या बे लरे या खाडीत बुऑयला (बोट बांधायचा तरंगता गोळा) बांधलेली असेल तर त्यांच्या आधीचा आणि नंतरचा वेळ आपलाच. हे बेट नॅशनल पार्क आहे, त्याची फी असते, बुऑयची वेगळी, कॅश जवळ ठेवा.

आम्ही आठला डिंगीने, म्हणजे बोटीबरोबरच्या छोट्या होडीने, उतरलो. उतरल्या उतरल्या महाकाय कासवं. अल्डाब्रा बेटावरून 1978 ते 82 मध्ये आणून सोडलेल्यांचा हा गोतावळा, कुंपण वगैरे काही नाही, आपल्याकडे गुरं रस्त्यात बसतात तशी बसलेली. एकाची मान खाजवली तर ते चक्क चारही पायांवर उभं राहिलं, मान लांब काढली आणि डोळे मिटून घेतले! हात थांबला की एक डोळा उघडायचा. खायला काही देऊ नका, पाठीवर पोरं बसवू नका.

तिथून दुसऱ्या बाजूच्या आन्स सें जोझेला पायवाट जाते, रमतगमत पाऊण-एक तास. सुरुवातीला तिवरांमधून लाकडी फळ्यांची वाट आहे, काही फळ्या डगमगतात, खाली गुडघाभर पाण्यात हातभर लांबीची लेमन शार्कची पिल्लं फिरत असतात. समोर समुद्रात एक मोडकी दगडी भिंत दिसते, समुद्री कासवं पाळायला शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेली, 2004 च्या त्सुनामीत फुटली. पुढे लाल माती आणि मोठमोठे कातळ, मला तर रत्नागिरीच्या आसपासच कुठेतरी चालतोय असं वाटत होतं. त्यात तिथे ज्याला टाकामाका म्हणतात ते झाड म्हणजे आपली उंडी! आजी जिचं तेल दिव्याला वापरायची तीच.

दर्याचा नारळ म्हणजे कोको द मेर जगात नैसर्गिकरित्या फक्त प्रालँ आणि क्युरियूझवर उगवतो. फकिरांच्या हातातलं काळं कशकूल (भिक्षापात्र) याचंच असतं, पूर्वी वाहत आलेले नारळ लोक समुद्राच्या तळाशी उगवतात समजायचे. बी उचलून आणायचा विचारही करू नका, सर्टिफिकेट नसेल तर गुन्हा आहे.

आन्स सें जोझेला डॉक्टरांचं जुनं लाकडी घर आहे, आता म्युझियम. या बेटावर 1833 पासून कुष्ठरोग्यांना आणून ठेवायचे, 1965 पर्यंत. तिथल्या व्हरांड्यात बसून समोरचं निळंशार पाणी बघताना जरा कसंतरीच झालं, इतक्या सुंदर जागी माणसं कोंडली होती. पण बारा वाजता डे ट्रिपवाल्यांच्या बार्बेक्यूचा धूर यायला लागला आणि आम्ही डबा उघडला, थालीपीठ आणि शेंगदाण्याची चटणी. बेटावर दुकान नाही, प्यायचं पाणी माणशी दोन लिटर तरी न्या.

आता आमचा मूर्खपणा. सकाळी भरती असताना डिंगी मस्त वर ओढून झाडाला बांधली, शहाणपणा केला असं वाटलं. साडेतीनला परत येऊन बघतो तर पाणी लांब गेलेलं आणि डिंगी इंजिनासकट कोरड्या वाळूत, चौघांनी जोर लावला तर वीतभर हलली. स्किपर बोटीवरून हात करून हसत होता. त्यामुळे उतरायच्या आधी भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या, इथे चांगलं दीड मीटरच्या आसपास पाणी वर-खाली होतं.

सव्वापाचपर्यंत बसून राहिलो. सगळ्या बोटी गेल्या होत्या, किनाऱ्यावर आम्ही आणि कासवं, त्यातलं एक डिंगीच्या सावलीत येऊन झोपलं आणि पाणी आलं तरी उठेना, मग रेंजरने येऊन एक पान दाखवत त्याला बाजूला नेलं.

जाता जाता, भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण ट्रॅव्हल ऑथरायझेशन निघायच्या आधी ऑनलाइन काढावं लागतं. आणि चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल घाला, माझी एक चप्पल तिवरांच्या चिखलातच राहिली.