तुम्ही विचारलंत म्हणून: मेरी फॅगनला नक्की कोणी मारलं?

अटलांटाजवळ राहते म्हटल्यावर हल्ली हा प्रश्न येतोच. गणपतीच्या जेवणात येतो, भारतातून आलेले पाहुणे विचारतात, रात्री कोणीतरी व्हिडिओ पाठवून खाली लिहितं, हे खरंय का गं? 2023 मध्ये ब्रॉडवेवर या केसवरचं म्युझिकल पुन्हा आलं, पहिल्याच प्रयोगाला थिएटरबाहेर निओ-नाझींनी निदर्शनं केली, आणि तेव्हापासून एकशे दहा वर्षं जुनी ही केस सगळ्यांच्या फोनवर फिरतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेरी 13 वर्षांची, अटलांटातल्या पेन्सिलच्या कारखान्यात पेन्सिलींना धातूच्या टोप्या बसवायचं काम करायची. त्या आठवड्यात टोप्यांचा पत्राच संपला म्हणून तिला काम नव्हतं, आणि 26 एप्रिल 1913 ला, सुट्टीच्या दिवशी, ती आपले राहिलेले 1 डॉलर 20 सेंट घ्यायला गेली ती परत आलीच नाही. पहाटे रखवालदाराला तळघरात तिचं प्रेत सापडलं. पैसे देणारा सुपरिंटेंडंट लिओ फ्रँक, ज्यू, ब्रुकलिनमध्ये वाढलेला, कॉर्नेलचा इंजिनिअर. त्याच्यावर खटला झाला आणि फाशी सुनावली. 1915 च्या जूनमध्ये गव्हर्नर जॉन स्लेटनने फाशी रद्द करून जन्मठेप दिली, आणि दोन महिन्यांनी अटलांटाजवळच्या मॅरिएटाहून निघालेल्या सुमारे 25 जणांच्या टोळीने मिलेजव्हिलच्या तुरुंगातून फ्रँकला उचललं, रात्रभर गाडीने मॅरिएटाला आणलं आणि 17 ऑगस्टला सकाळी झाडाला फाशी दिलं. मॅरिएटा का, तर मेरीचं कुटुंब तिथलं.

आता माझं उत्तर. फ्रँकने मारलं असं मला वाटत नाही, आणि बहुतेक इतिहासकारांनाही वाटत नाही. सगळा खटला जिम कॉन्ली या झाडूवाल्याच्या साक्षीवर उभा होता. तो आधी म्हणाला मला लिहिता येत नाही, मग कबूल केलं की प्रेताजवळच्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या, पोलिसांपुढचे जबाब त्याने परत परत बदलले, आणि शेवटी कोर्टात सांगितलं की फ्रँकच्या सांगण्यावरून दोघांनी मिळून प्रेत लिफ्टने तळघरात नेलं. इथे एक घाण वाटेल अशी पण महत्त्वाची गोष्ट आहे. त्या शनिवारी सकाळी लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात आपण शौचाला बसलो होतो असं कॉन्ली स्वतःच म्हणाला होता. रविवारी पोलीस आले तेव्हा ती घाण जशीच्या तशी होती, लिफ्ट खाली टेकली तेव्हा ती चिरडली आणि वास सुटला. म्हणजे शनिवारी दुपारी लिफ्ट तळापर्यंत गेलीच नव्हती! स्लेटनने फाशी रद्द करताना हा मुद्दा धरला होता. पुढे 1982 मध्ये अलोन्झो मान, जो तेव्हा ऑफिसात पोऱ्या होता, त्याने म्हातारपणी सांगितलं की मी कॉन्लीला एकट्याने मेरीला उचलून नेताना पाहिलं होतं.

पण दुसरी बाजू लपवायची नाही. स्लेटन हा फ्रँकच्या वकिलाच्याच फर्ममध्ये भागीदार होता, त्यामुळे लोकांना संशय येणं साहजिक होतं. आणि फ्रँकच्या वकिलांनी कॉन्लीबद्दल, तो काळा म्हणून, कोर्टात जे काही म्हटलं ते आज वाचवत नाही. मेरीच्या नात्यातली काही माणसं अजूनही फ्रँकलाच दोषी मानतात, त्यांच्याशी वाद घालायला माझं मन होत नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. तुम्ही सगळे मेरीच्या खुनाचं कोडं सोडवत बसता, आणि दुसरा खून, म्हणजे फ्रँकचा, ज्यात कोडं असं काहीच नाही, त्याबद्दल कोणी विचारत नाही. झाडाखाली लोकांनी चेहरे दाखवत फोटो काढून घेतले, त्या फोटोंची पोस्टकार्डं विकली गेली, आणि कोरोनरच्या, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ज्युरीने लिहिलं की मृत्यू अनोळखी इसमांच्या हातून झाला. एकावरही खटला नाही. नावं 2000 साली जाहीर झाली, त्यात माजी गव्हर्नर जोसेफ ब्राऊनचं नाव आहे आणि हर्बर्ट क्लेचं आहे, जो त्या भागाचा सरकारी वकील होता, म्हणजे खटला भरायचा तर त्यानेच भरायचा! ही रस्त्यावर भडकलेली गर्दी नव्हती, शहरातल्या मान्यवरांनी बसून आखलेलं काम होतं, तुरुंगाच्या टेलिफोनच्या तारा आधी कापल्या होत्या. जॉर्जियातला राजकारणी टॉम वॉटसन याने आपल्या पेपरातून महिनोन् महिने ज्यूंविरुद्ध आग ओकली, तो 1920 मध्ये सिनेटवर निवडून आला आणि त्याचा पुतळा जॉर्जियाच्या विधानभवनासमोर 2013 पर्यंत उभा होता. 1986 मध्ये राज्याने फ्रँकला माफी दिली तीसुद्धा निर्दोष म्हणून नाही, आम्ही त्याचं रक्षण केलं नाही आणि मारेकऱ्यांना शिक्षा केली नाही एवढ्यासाठी. आणि हेही सांगते, जॉर्जियात जमावाने मारलेल्यांत बहुतेक सगळे काळे होते, त्यांच्यासाठी ना अपिलं झाली ना नाटकं आली. लिंचिंगविरोधी केंद्रीय कायदा व्हायला 2022 उजाडलं.

व्हिडिओंबद्दल एवढी कळकळ का, तेही सांगते. आपल्याकडे अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला बेने इस्राएल पिढ्यान् पिढ्या राहिले, तेल गाळलं, मराठी बोलले, ज्यू म्हणून त्यांच्यामागे कोणी लागलं नाही. त्यामुळे ज्यूद्वेषाचा विखार कसा बोलतो ते आपल्या कानाला पटकन कळत नाही, आणि आपली चांगली शिकलेली माणसं निरागसपणे ते पुढे पाठवतात. यातले कितीतरी व्हिडिओ मेरीच्या नावाने सुरू होतात आणि दहाव्या मिनिटाला 'हे लोक' असेच असतात वर येतात. वॉटसनने हेच केलं होतं, त्या मुलीचं नाव पुढे करून.

2019 मध्ये फुल्टन काउंटीत, म्हणजे अटलांटा ज्यात येतं त्या काउंटीत, जुन्या शिक्षा तपासणारं युनिट निघालं, तेव्हा ही केसही पुन्हा तपासायचं ठरलं, म्हणून चर्चा थांबणार नाही आणि थांबूही नये. फक्त मला पुढचा व्हिडिओ पाठवाल तेव्हा आधी स्वतः शेवटपर्यंत बघा. त्यात लिफ्टची गोष्ट आहे का आणि हर्बर्ट क्लेचं नाव येतं का, एवढं बघा. दोन्ही नसेल तर मला पाठवू नका, आणि घरच्या ग्रुपवरही टाकू नका.