सरांची डावी बाजू

फाइलवर लिहिलं होतं: मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक, डाव्या हातापायात अशक्तपणा, रुग्ण सहकार्य करत नाही. हा शेवटचा शेरा मी फार मनावर घेत नाही. स्ट्रोकच्या वॉर्डात फिजिओथेरपी करणाऱ्या कुणालाही विचारा. 'ऐकत नाही', 'प्रयत्नच करत नाही' असं ज्यांच्याबद्दल सांगितलं जातं, त्यांच्यातले कितीतरी जण हट्टी नसतात.

सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. बोलणं स्वच्छ, तारीख-वार अचूक, वर थोडा मिश्कीलपणाही. मुलगी पलंगाच्या डाव्या बाजूला खुर्ची टाकून बसली होती आणि रडवेली झाली होती. "मॅडम, बाबा माझ्याशी बोलतच नाहीत. हाक मारली की तिकडे भिंतीकडे बघतात. माझ्यावर रागावलेत का?"

भिंत उजवीकडे होती. मी तिला उठवलं आणि पलंगाला वळसा घालून उजव्या बाजूला आणून उभं केलं.

"अगं, तू कधी आलीस?" सर म्हणाले. ती सकाळपासून तिथेच बसलेली होती.

नजरेचाच दोष आहे का, हे आधी पाहायला हवं होतं. मी समोर उभी राहिले, दोन्ही हात बाजूला पसरले आणि माझ्या नाकाकडे बघत राहायला सांगितलं. त्यांच्या डावीकडचं बोट हलवलं. "हललं." उजवीकडचं हलवलं. "हललं." मग दोन्ही एकदम. "उजवं." पुन्हा दोन्ही. "उजवंच. तेच तेच काय विचारताय?"

म्हणजे डोळे शाबूत होते. डावीकडचं दृश्य मेंदूपर्यंत पोचतही होतं, कारण एकटं असताना ते त्यांना कळत होतं. उजवीकडे काही हाललं रे हाललं की डावीकडचं बाद. अडचण बघण्यात नव्हती, लक्ष जाण्यात होती. याला आम्ही निग्लेक्ट म्हणतो.

आता कागद. एक आडवी रेघ काढून दिली आणि मधोमध खूण करायला सांगितली. खूण पडली पार उजव्या टोकाच्या जवळ. मग घड्याळ काढायला सांगितलं. वर्तुळ छान गोल आलं. हाताला सवय असते. पण बारा ते सहा आकडे उजव्या अर्ध्यात बसवून झाल्यावर सातपासून अकरापर्यंतचे आकडेही त्यांनी तिथेच खाली कोंबले. डावा अर्धा कोरा. "बरोबर आलंय?" मी विचारलं. "शिक्षकाला घड्याळ काढायला लावताय," ते म्हणाले, "चुकेल कसं?"

पुढची गोष्ट मी सगळ्याच रुग्णांना विचारत नाही. सरांना विचारावीशी वाटली, कारण मुलगी त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात शिकलेली होती. खरंखोटं तिथल्या तिथे कळणार होतं. म्हटलं, "सर, तुमच्या वर्गाच्या मागच्या दारात उभे आहात असं समजा. समोर फळा. काय काय दिसतंय?" त्यांनी डोळे मिटले. खिडक्या, नकाशांचा स्टँड, खिडकीजवळची बाकं. मुलगी माझ्याकडे बघत होती: हे सगळं उजवीकडचं. "आता फळ्याकडे पाठ करून मुलांकडे तोंड करा." लगेच कपाट आलं, कपाटावरचा पृथ्वीगोल आला, भिंतीवरचं घड्याळ आलं. मघाशी यातलं एकही नव्हतं. आणि मघाच्या खिडक्या, नकाशे आता गायब.

हा प्रश्न माझा नाही. एदोआर्दो बिसिआक आणि क्लाउदिओ लुझ्झात्ती या इटालियन संशोधकांनी 1978 मध्ये मिलानच्या दोन रुग्णांना तिथल्या कॅथेड्रलसमोरचा चौक असाच मनातल्या मनात पाहायला लावला होता. उभं राहायची जागा बदलली की चौकाचा विसरलेला अर्धा परत येई आणि आठवलेला अर्धा जाई. एवढं वाचलेलं असूनही समोर घडताना अंगावर काटा आला. आठवण पुसलेली नव्हती, कपाट जागच्या जागी होतं. फक्त मनातल्या वर्गाकडे बघतानाही डावीकडे कुणी बघत नव्हतं.

मुलीने विचारलं, स्ट्रोक उजवीकडे, मग हे डावीकडे कसं? हालचालीच्या बहुतेक तंतूंची मेंदूच्या देठाच्या तळाशी फुली होते. उजवीकडून निघालेले डावीकडे जातात, डावीकडून निघालेले उजवीकडे. डोळ्यांतून येणारे तंतू अर्धेच बाजू बदलतात, पण त्यांची वाटणी अशी, की डावीकडचं जग उजव्या मेंदूत जातं, मग ते कुठल्याही डोळ्याने पाहिलेलं असो. लक्षाची वाटणी मात्र समसमान नाही. प्रचलित समजुतीप्रमाणे डावा मेंदू मुख्यतः उजव्या बाजूवर लक्ष ठेवतो आणि उजवा मेंदू दोन्ही बाजूंवर. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली तरी उजवा बरंचसं सांभाळून घेतो. उजव्याला झाली, की डावीकडे पाहणारं कुणी उरत नाही. टिकून राहणारा असा दोष उजव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर जास्त दिसतो तो त्यामुळे.

सरांचा डावा हात चादरीवर पडलेला होता. मी तो उचलून उजव्या बाजूला, त्यांच्या नजरेसमोर आणला.

"सर, हा हात कुणाचा?"

"तुमचा."

"माझे दोन हे बघा."

त्यांनी क्षणभर विचार केला. "मग हिचा असेल."

"बोटात अंगठी आहे ती?"

"अंगठी माझ्यासारखीच दिसतेय," ते शांतपणे म्हणाले.

मुलगी बाहेर निघून गेली. मी मागोमाग गेले. तिला वाटत होतं बाबांना वेड लागलंय. वॉर्डातल्या कुणाला वाटत होतं ते सोंग करताहेत. दोन्ही खरं नव्हतं. आपलं अंग गेलंय हे रुग्णाला न कळणं, यावर जोझेफ बाबिन्स्की यांनी 1914 मध्येच लिहून ठेवलंय. हात सुन्न पडला तर तो सुन्न पडल्याचं आपल्याला कळतं, कारण हिशेब ठेवणारा भाग जागा असतो. सरांच्या बाबतीत हजेरी घेणाराच गैरहजर होता. उरलेला मेंदू हुशार, तर्कशुद्ध; समोर आलेल्या परक्या हाताचा त्याने जमेल तसा अर्थ लावला, इतकंच. फाइलवरचा शेरा मी त्याच दुपारी खोडला.

डाव्या कानात थंड पाणी सोडलं तर काही मिनिटांपुरता हा दोष ओसरू शकतो. तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला धक्का बसतो म्हणून. ऐकायला जादू वाटते, पण परिणाम टिकत नाही, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही. कामी आलं ते कंटाळवाणं काम. वाचायच्या पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी, आणि ती सापडेपर्यंत ओळ सुरू करायची नाही. व्यायाम करताना डावा हात टेबलावर, डोळ्यांसमोर. व्हीलचेअरचा डावा ब्रेक ते हमखास विसरायचे, त्याला लांब लाल दांडा जोडला. मुलीने बोलायला उजवीकडून सुरुवात करायची आणि बोलता बोलता हळूहळू डावीकडे सरकायचं. हे तिला माझ्यापेक्षा छान जमलं.

हाताची मालकी त्यांनी लवकरच कबूल केली. रेघेवरची खूण मध्याकडे सरकली, ताटाची डावी बाजूही संपायला लागली. पण गप्पा मारत व्हीलचेअर चालवली की डावं चाक दाराच्या चौकटीला आपटायचंच. लक्ष दुसरीकडे वळलं की दोष पुन्हा डोकं वर काढतो.

घरी जाताना त्यांनी गाडी चालवायची परवानगी मागितली. मी म्हटलं, नाही, पुन्हा तपासणी झाल्याशिवाय अजिबात नाही. त्यावर त्यांनी माझ्याशी बराच वेळ वाद घातला, आणि एकूण एक मुद्दा बिनचूक मांडला.